सिकलसेलचं जनुक इतकं घातक, मग ते टिकलं कसं?

कुसुमाकर (धागाकर्ता)

आजारांचा उत्क्रांतीच्या अंगाने विचार करायचा म्हटलं की चर्चा पटकन 'आदिमानव काय खायचा' यावर घसरते. म्हणून एकच आजार घेऊ आणि त्याच्या तळाशी जाऊ. सिकलसेल.

बीटा ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक घटक, त्याच्या जनुकात एक अक्षर बदलतं. सहाव्या जागी जीएजीचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्यानेच, ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या वळतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आई आणि बाप दोघांकडूनही हे जनुक आलेलं मूल, औषधपाणी नसलेल्या काळात, स्वतःला मुलं होण्याच्या वयापर्यंत क्वचितच पोचत असे. म्हणजे दर पिढीला हे जनुक गळत गेलं असणार. तरीही नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर इथल्या काही समाजांत शंभरात दहा ते वीस आणि कुठे कुठे त्याहून जास्त माणसं वाहक आहेत, म्हणजे त्यांच्याकडे हे जनुक एकाच पालकाकडून आलंय.

'मलेरियामुळे' हे उत्तर शाळेच्या पुस्तकातही मिळतं, पण तेवढ्याने समाधान होत नाही. फायदा होता तर जनुक सगळ्यांत का पसरलं नाही? तोटा होता तर गेलं का नाही? आणि आता मलेरिया आटोक्यात येतोय तर ते आपोआप जाईल का? जाणकारांनी लिहावं. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण, एए म्हणजे ज्याच्याकडे हे जनुक नाही, असं धरून चालू.

---

रानजाई

सुरुवात इतिहासापासून करते. १९४९ हे या विषयातलं फार मोठं वर्ष. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, म्हणजे दोष रेणूतच आहे. जेम्स नील यांनी कुटुंबं तपासून वाहकाकडे एक आणि रुग्णाकडे दोन जनुकं असतात हे सिद्ध केलं. आणि तांबड्या पेशींचे आनुवंशिक आजार मलेरियापासून वाचवत असतील, ही कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडली. ते मात्र थॅलेसेमियाबद्दल (हिमोग्लोबिन कमी तयार होण्याचा आनुवंशिक आजार) बोलत होते. हाल्डेननी सिकलसेलबद्दल हे म्हटलं असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. (हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.)

सिकलसेलचा पुरावा दिला ॲन्थनी ॲलिसन यांनी, १९५४ साली. पूर्व आफ्रिकेत मलेरिया जिथे दाट, तिथे वाहक जास्त, हे त्यांनी दाखवलं. शिवाय लुओ समाजातल्या ३० स्वयंसेवकांना मलेरियाचे परजीवी टोचले. १५ वाहक, १५ बिनवाहक. बिनवाहकांपैकी १४ जणांच्या रक्तात परजीवी वाढले, वाहकांपैकी फक्त दोघांच्या.

---

पानगळ

रानजाई, हा प्रयोग सगळे सांगतात, पण सगळ्यात कच्चा पुरावाही तोच आहे. एक तर माणसांना मुद्दाम मलेरिया टोचणं आज कुठलीच नीतिसमिती मान्य करणार नाही. दुसरं, हे स्वयंसेवक मलेरियाच्या मुलखात वाढलेले प्रौढ होते. त्यांच्या अंगात आधीच अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती होती, त्यामुळे कशाने काय झालं हे वेगळं काढता येत नाही.

खरा भरवशाचा पुरावा लहान मुलांचा. फाल्सिपेरम या सगळ्यात घातक परजीवीच्या मलेरियाने मरतात ती मुख्यतः पाच वर्षांखालची मुलं. केनियातल्या किलिफीसारख्या ठिकाणी गंभीर मलेरियाने दाखल झालेली मुलं आणि त्याच भागातली इतर मुलं यांची तुलना झाली. वाहक मुलांना गंभीर मलेरियापासून सुमारे ९० टक्के संरक्षण दिसतं. पण रक्तात परजीवी शिरण्यापासून जवळजवळ काहीच संरक्षण नाही. वाहकाला डास चावतो, ताप येतो, रक्ताच्या काचपट्टीवर परजीवीही दिसतात. तो सहसा मरणाच्या दारापर्यंत जात नाही, हाच मुख्य फरक. नैसर्गिक निवडीला तेवढा पुरतो.

---

सूक्ष्मदर्शी

हे कसं घडतं ते लिहितो, कारण 'वाकड्या पेशीत परजीवी राहू शकत नाही' हे अर्धसत्य आहे.

वाहकाच्या पेशीत साधारण ३५ ते ४० टक्के हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) असतं, बाकी नेहमीचं. एवढ्याने पेशी सहसा वाकत नाही, म्हणून वाहकाला त्रास नसतो. आता परजीवीचं वेळापत्रक बघा. फाल्सिपेरमचं तांबड्या पेशीतलं चक्र ४८ तासांचं. पहिल्या अर्ध्यात तो रक्ताबरोबर फिरतो. दुसऱ्या अर्ध्यात पेशीच्या पृष्ठभागावर गाठी उभारतो, त्यांवर चिकट प्रथिन मांडतो आणि बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसतो, म्हणजे प्लीहेतून, बिघडलेल्या पेशी गाळणाऱ्या अवयवातून, जावं लागत नाही. मेंदूचा मलेरिया होतो तो या चिकटण्यामुळेच.

वाहकाच्या पेशीत इथेच घोटाळा होतो. ते प्रथिन पृष्ठभागापर्यंत नेण्यासाठी परजीवी पेशीतलेच ॲक्टिनचे धागे वापरून वाट बांधतो. एस हिमोग्लोबिन असलं की ती वाट नीट बांधली जात नाही, गाठी कमी आणि वेड्यावाकड्या येतात, पेशी घट्ट चिकटत नाही. जी चिकटते ती कमी ऑक्सिजनच्या जागी अडकते आणि तिथे परजीवीची वाढ खुंटते. परजीवी असलेली पेशी साध्या पेशीपेक्षा लवकर वाकते, आणि अशी पेशी प्लीहा उचलून मोडीत काढते.

---

अंकगणित

धागाकर्त्यांचा प्रश्न 'सगळ्यांत का पसरलं नाही' हा होता. कागदावर १०० जन्म मांडून बघा, बीजगणित लागत नाही.

समजा जनुकाचं प्रमाण १० टक्के आहे. मग १०० मुलांत ८१ एए, १८ एएस, १ एसएस. एसचे नग (सिकलसेलच्या जनुकाच्या प्रती): वाहकांचे १८ आणि रुग्णाचे २, एकूण २०. एचे नग (नेहमीच्या जनुकाच्या प्रती): १६२ अधिक १८, एकूण १८०. आता मलेरियाने वाहकांच्या मानाने एए मुलं शंभरात ११ जास्त दगावतात असं धरा. म्हणजे ८१ पैकी ९. आणि एसएसचं एकुलतं मूलही जातं.

उरलं काय? एसचे २० पैकी २ गेले, १८ राहिले. एचे १८० पैकी १८ गेले, १६२ राहिले. २०:१८० म्हणजे १:९. १८:१६२ म्हणजे पुन्हा १:९. तराजू तसूभरही हलला नाही.

जनुक याहून वाढलं, की दोन वाहकांची गाठ जास्त पडते, एसएस मुलं भराभर वाढतात आणि जनुक खाली ओढलं जातं. कमी झालं, की एसएस जवळजवळ जन्मत नाहीत, वाहकाचा फायदा उरतो आणि जनुक वर येतं. म्हणून ते शंभर टक्के होत नाही आणि शून्यही होत नाही. हा समतोल आहे, पण त्याची किंमत बघा: दर शंभरात दहा लहान मुलं. नऊ मलेरियाने, एक सिकलसेलने. नैसर्गिक निवडीला 'शहाणी' म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर डोळ्यासमोर ठेवावा.

---

चौकस

अंकगणित, इतकं स्वच्छ कुठेच वाचलं नव्हतं. मुलाला शिकवायला हेच १०० जन्म घेणार.

---

वैनगंगा

भारतात हे चित्र इतकं सरळ बसत नाही, ते सांगायला हवं. सिकलसेलच्या जनुकाचा जगाचा नकाशा आणि जुन्या मलेरियाचा नकाशा २०१० साली एकमेकांवर ठेवून तपासले गेले. आफ्रिकेत ते छान जुळले. आशियात तसा संबंध स्पष्ट निघाला नाही.

याला कारणं आहेत. आपल्याकडे जातीत, पोटजातीत, कुळं बघून लग्न. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन समाजांना डास तेच चावतात, पण एकात जनुक २० टक्के आणि दुसऱ्यात नाहीच, असं होतं. दुसरं, आपल्याकडे फाल्सिपेरमबरोबर व्हायवॅक्स ही मलेरियाच्या परजीवीची दुसरी जातही भरपूर. तिसरं, मलेरियाविरुद्धची इतर जनुकंही इथे आहेत. ईशान्येकडे हिमोग्लोबिन ई, अनेक समाजांत बीटा थॅलेसेमिया, आदिवासी समाजांत अल्फा थॅलेसेमिया, आणि जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता.

भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ साली, निलगिरीतल्या आदिवासींत. इथलं जनुक आफ्रिकेतूनच आलं की इथे वेगळं उगवलं, यावर वाद आहे. त्याच्या आजूबाजूच्या खुणा वेगळ्या आहेत, त्यांना अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात, म्हणून १९८० च्या दशकापासून स्वतंत्र उगम मानला गेला. २०१८ च्या संपूर्ण जनुकसंचाच्या विश्लेषणाने मात्र एकच उगम सुचवला, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी, आफ्रिकेत. मला एकच उगम जास्त पटतो, पण दार अजून बंद झालेलं नाही.

---

तापी_काठ

या हॅप्लोटाइपवरून एक समज पसरलाय, तो घातक आहे: 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो.'

समजाला आधार आहे. अरब-भारतीय प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ, मोठेपणीही बऱ्यापैकी राहतं. ते दोऱ्या वळू देत नाही. त्यात अल्फा थॅलेसेमिया सोबत असेल तर पेशीतली दाटी कमी होते आणि रक्त कमी फुटतं. पण हे सरासरीचं बोलणं. विदर्भातल्या रुग्णांत वारंवार हाडं दुखण्याचे झटके, छातीचा तीव्र त्रास, कंबरेचा सांधा निकामी होणं, पक्षाघात हे सगळं दिसतं. आणि ज्यांना फार तीव्र होतं ती मुलं लहानपणीच जातात, मोजणीत येतच नाहीत. मोठ्या वयाचे रुग्ण मोजून 'सौम्य' म्हटलं की उरलेल्यांचीच मोजणी झाली.

'सौम्य' ऐकून हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायला टाळाटाळ होते, आणि नुकसान होतं. त्या गोळीचं मुख्य काम हेच: एफ वाढवायचं. जे काही जणांच्या जनुकांनी आपोआप केलंय, ते औषधाने करायचं. रोज घ्यावी लागते, रक्तपेशींची मोजणी ठरलेल्या अंतराने करावी लागते, परिणाम दिसायला काही महिने लागतात. पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणून सोडू नये.

---

सूक्ष्मदर्शी

तापी_काठ, अल्फा थॅलेसेमियाचा मुद्दा निघालाच आहे तर एक विलक्षण गोष्ट. वाहक असणं एकटं मलेरियापासून वाचवतं. अल्फा थॅलेसेमिया एकटा वाचवतो. दोन्ही एकाच मुलात आले तर? किलिफीतच २००५ साली दिसलं की संरक्षण जवळजवळ नाहीसं होतं. अल्फा थॅलेसेमियाने पेशीतलं एसचं प्रमाण घटतं आणि वाहकाचा फायदा त्या प्रमाणावरच उभा आहे. तोच अल्फा थॅलेसेमिया एसएस रुग्णाला मात्र उपयोगी. म्हणून 'चांगलं जनुक', 'वाईट जनुक' असे शिक्के निरर्थक आहेत. सोबत कोण आहे आणि परिसर कुठला, यावर सगळं ठरतं.

---

चौकस

मग वाहक असेल त्याला मच्छरदाणी नको का? गावात कुणी असा अर्थ काढला तर?

---

पानगळ

चौकस, फार मोलाचा प्रश्न. मच्छरदाणी हवीच. संरक्षण मुख्यतः मरणापासून आहे, तापापासून पुरतं नाही, आणि व्हायवॅक्सविरुद्ध त्याचा भरवसा धरू नये. वाहक गरोदर बाईलाही मलेरिया होतो.

आणि एसएस रुग्णाबाबत तर उलट आहे. 'एकाने वाचतो तर दोनाने दुप्पट वाचेल' हा तर्क साफ चूक. एसएस मुलाला मलेरिया झाला तर ते एए मुलापेक्षा जास्त धोक्यात असतं, कारण रक्त आधीच कमी आणि प्लीहा निकामी. प्लीहा निकामी असल्यानेच, जिवाणूंचा संसर्ग टाळायला, न्युमोकोकसची लस आणि पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन.

प्रायमाक्विनचंही इथेच सांगतो. व्हायवॅक्सला ते १४ दिवस द्यायचं असतं. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. हे जनुकही मलेरियानेच टिकवलंय, आणि मलेरियाच्याच औषधाने अंगावर येतं. गोळ्या चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे झाले, की पुढची गोळी न देता लगेच दवाखाना.

---

रानजाई

थोडं विषयांतर. वर ज्या जेम्स नील यांचं नाव आलं, त्यांनीच १९६२ साली मधुमेहासाठी 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली. दुष्काळात चरबी साठवणारी जनुकं टिकली आणि सुकाळात तीच मधुमेह देतात, असं. ही कल्पना आपल्याकडे फार लाडकी आहे. पण सिकलसेलइतका पुरावा तिच्यामागे नाही. इथे जनुक माहीत, त्याचं काम माहीत, मृत्यूतला फरक मोजलेला. तिथे असं एक जनुक बोट ठेवून दाखवता येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाचं काम जास्त ठोस वाटतं. पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५. वजन, स्नायू, पोटाचा घेर सगळ्यात आपली मागे, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारं पण चरबी राखून असलेलं बाळ. याचं कारण आईचं पोषण की पिढ्यांची निवड, हे एवढ्यावरून ठरत नाही, आणि ठरवायची घाई करू नये.

---

अंकगणित

रानजाईंशी सहमत. सिकलसेलचा दाखला इतका चोख आहे की त्याचीच मोजपट्टी बाकीच्या दाव्यांना लावावी.

---

वैनगंगा

आता तपासणीकडे येऊ, कारण गावात खरी चूक तिथे होते.

शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. नळीत २ मिली द्रावण: फॉस्फेट बफर, पेशी फोडायला सॅपोनिन आणि ऑक्सिजन काढून घ्यायला सोडियम डायथायोनाइट. त्यात २० मायक्रोलिटर रक्त. नीट हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. मग काळ्या रेघा मारलेल्या पांढऱ्या कार्डापुढे एक इंचावर नळी धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पॉझिटिव्ह.

चुका कुठे होतात? डायथायोनाइट हवेने आणि दमटपणाने मरतं. मेलेल्या द्रावणात सगळेच निगेटिव्ह येतात. म्हणून दर खेपेला एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना सोबत लावायलाच हवा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गढूळपणा पुरेसा येत नाही, अशा वेळी रक्त दुप्पट घ्यायचं. सहा महिन्यांखालच्या बाळात एफ जास्त असतं, तिथे ही तपासणी निरुपयोगी. नुकतंच रक्त चढवलेल्याचीही करू नये.

आणि मुख्य म्हणजे ही तपासणी वाहक आणि रुग्ण यांत फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या. साध्या अल्कधर्मी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हिमोग्लोबिन डी हे एसच्याच जागी येऊन बसतं, म्हणून एचपीएलसी बरं.

---

तापी_काठ

वैनगंगा, यात एक भर, आणि ही प्रत्येक आशाताईपर्यंत जावी. एक जण वाहक, जोडीदार सोल्युबिलिटीत निगेटिव्ह, म्हणून 'काही धोका नाही' सांगितलं जातं. सोल्युबिलिटीला बीटा थॅलेसेमिया दिसत नाही! जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असेल तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता सिकल-बीटा थॅलेसेमियाची, आणि तो एसएसइतकाच कठीण असू शकतो. म्हणून एक जण वाहक निघाला की दुसऱ्याची थेट एचपीएलसी.

रिपोर्ट वाचताना: वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असतं. एस जास्त आणि ए कमी दिसलं, आणि रक्त चढवलेलं नसेल, तर तो साधा वाहक नव्हे, सिकल-बीटा थॅलेसेमियाचा संशय. एस २५ ते ३० टक्केच आलं तर अल्फा थॅलेसेमिया किंवा लोहाची कमतरता बघा. एसच्या रिपोर्टात ए-टू (बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) यंत्रावर थोडं फुगून येतं, तेवढ्यावरून थॅलेसेमियाचा शिक्का मारू नये. उलट जोडीदाराला लोहाची कमतरता असेल तर त्याचं ए-टू दबून थॅलेसेमिया लपतो. लोह भरून काढून पुन्हा तपासा.

---

चौकस

आणि मूळ प्रश्नातला शेवटचा भाग? मलेरिया गेला की जनुक जाईल का? शिवाय रुग्णांना औषध देऊन आपण निवड थांबवतोय, असंही कुणीतरी म्हणतंच.

---

अंकगणित

वरचे १०० जन्म पुन्हा घ्या, मलेरिया काढून टाका, औषधही नाही. एसचे २० पैकी २ जातील, एचे १८० तसेच. १० टक्क्यांचे ९.१ होतील, एका पिढीत. १० चे ५ व्हायला दहा पिढ्या, म्हणजे अडीचशे वर्षं. ५ चे अडीच व्हायला आणखी वीस पिढ्या, पाचशे वर्षं. जनुक जितकं विरळ, तितकं ते वाहकांत लपतं आणि निवडीच्या हाती लागत नाही. तेव्हा औषधाने निवड बिघडते म्हणून रुग्णाला औषध नाकारणं निर्दय तर आहेच, पण हिशोबातही बसत नाही. मुलं मरू दिली तरी शतकानुशतकं जनुक तिथेच राहणार.

आता दुसरी बाजू. वाहकांनी वाहकांशी लग्न टाळलं आणि एसएस मूल एकही जन्मलं नाही, तर एसचा एकही नग गळत नाही. जनुक १० टक्क्यांवरच राहील, पण आजारी मूल नसेल. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन, असं उद्दिष्ट आहे. ते उच्चाटन आजाराचं. वाहक कायम राहणार आहेत आणि त्यांच्यात काही दोष नाही, हे प्रत्येक समुपदेशनात सांगायला हवं, नाहीतर कार्डावर 'वाहक' लिहिलेल्या मुलीचं लग्नच अडतं.

---

कुसुमाकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शंका राहिली. दोघं वाहक आहेत हे लग्नानंतर कळलं तर?

---

तापी_काठ

तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता तीच: चारात एक एसएस, दोन वाहक, एक एए. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन चांगली निघतील, असं नसतं. प्रत्येक वेळी नव्याने.

गर्भाची तपासणी होते. १० ते १२ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा १६ आठवड्यांच्या आसपास गर्भजल काढून. त्याआधी आईबापांची दोन्ही जनुकं नेमकी कुठली हे प्रयोगशाळेला कळलेलं असावं लागतं, त्यालाही दिवस जातात. म्हणून पाळी चुकली की पहिल्याच भेटीत, नाव नोंदवतानाच, नवरा-बायको दोघांचे एचपीएलसी रिपोर्ट सोबत न्या. पाचव्या महिन्यात कळलं तर हातात वेळ फारच थोडा उरतो.

आणि तपासणी न करता बाळ होऊ द्यायचं ठरवलं, तर बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन जन्मानंतर लगेच चाचणी. एसएस निघालं तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन, वेळेवर लसी, आणि आईला घरच्या घरी प्लीहा चाचपायला शिकवायचं. डाव्या बरगडीखाली बोटं टेकवून, रोज आंघोळ घालताना. एकाएकी मोठी लागली आणि बाळ पांढरं पडलं, तर तासाभरात रक्त चढवण्याची सोय असेल अशा ठिकाणी पोचायचं.